सर्दीची गोळी, डोलो आणि बीपीची गोळी: एकाच वेळी चालू असेल तर काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील माजलगावकडे गावी असतात, वय ६२, अंगाने किडकिडीत, वजन ४८ किलो. बीपीची गोळी रोज सकाळी चालू आहे. चार दिवसांपासून नाक चोंदलंय, डोकं जड आहे, अंगात कणकण आहे. गावातून आणलेली सर्दीची गोळी ते दिवसातून तीनदा घेतात. कणकण वाटते म्हणून डोलो ६५० तीनदा. अंग मोडून आलंय म्हणून सकाळ-संध्याकाळ कॉम्बिफ्लाम. कुणीतरी सांगितलं की सर्दीच्या गोळीने बीपी वाढतो, म्हणून तुम्ही काळजीत आहात. शेवटी असंही विचारलंय की घरातल्या सहा वर्षांच्या मुलीला त्याच गोळीचा पाव तुकडा दिला तर चालेल का.

मी फार्मासिस्ट आहे. परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल आहे आणि थंडी पडली की दिवसभर समोर हेच प्रश्न असतात. आधी आज काय करायचं ते सांगतो. सर्दीची गोळी, डोलो आणि कॉम्बिफ्लाम, तिन्ही आत्ता थांबवा. बीपीची गोळी मात्र थांबवायची नाही. सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा एका पिशवीत घाला आणि वडिलांना आजच डॉक्टरांकडे न्या. बीपी मोजून घ्या आणि लिव्हर व किडनीच्या रक्त तपासणीबद्दल विचारा. उद्या-परवावर ढकलू नका. कारण बीपीपेक्षा मला दुसरीच गोष्ट जास्त खटकतेय.

तुम्ही दिलेल्या यादीतल्या डोलो आणि कॉम्बिफ्लाम दोन्हींत पॅरासिटामॉल आहे, आणि सर्दीच्या गोळीचं नाव तुम्हाला माहीत नसलं तरी तिच्यातही ते बहुधा आहेच. आपल्याकडे मिळणाऱ्या सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते ५०० मिलिग्रॅम असतं, तेवढंच धरू. तीन वेळा म्हणजे १५००. डोलोत ६५०, तीनदा म्हणजे १९५०. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेन ४०० आणि सोबत पॅरासिटामॉल ३२५, दोनदा म्हणजे ६५०. बेरीज झाली ४१००. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभरात ४००० मिलिग्रॅम ही वरची हद्द धरतात, आणि तीसुद्धा थोड्या दिवसांसाठी. वडिलांचं वजन ४८ किलो. किलोमागे दिवसाला ६० मिलिग्रॅम धरले तरी त्यांची हद्द २९००च्या आत येते. म्हणजे ते चार दिवस किलोमागे ८५ मिलिग्रॅमच्या आसपास घेत आहेत. प्रत्येक गोळी एकेकटी बघितली तर तिचा डोस बरोबरच आहे, म्हणूनच घरात कुणाच्या लक्षात आलं नाही.

यात फसवणारी गोष्ट अशी की जास्त झालेलं पॅरासिटामॉल लगेच काही दाखवत नाही. पहिल्या दिवशी थोडं मळमळतं, जेवण नको वाटतं, आणि ते आपण सर्दी-तापाच्या खात्यावर टाकतो. लिव्हर पॅरासिटामॉल पचवतं तेव्हा त्याचा थोडा भाग एका विषारी पदार्थात बदलतो. शरीरात त्याला निकामी करणारा साठा असतो, पण तो मर्यादित. जेवण कमी झालेलं, वजन कमी, दारूची सवय, अशा माणसात हा साठा लवकर संपतो आणि मग लिव्हरच्या पेशींना इजा होते. उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, डोळे पिवळे होणं ही लक्षणं उशिरा येतात. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन नावाचा उतारा आहे. तो जितका लवकर मिळेल तितका उपयोग जास्त. म्हणून लक्षण दिसेपर्यंत थांबू नका. वरचं एखादं लक्षण आत्ताच असेल तर गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ मोठ्या रुग्णालयात न्या. तुमच्याकडून अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वडील घेत असतील तर दारूचंही डॉक्टरांना स्पष्ट सांगा. आपल्याकडे मुलासमोर बाप हे बोलत नाही आणि मुलगाही विचारत नाही, पण इथे ती माहिती लागते.

बहुतेक वेळा अशी तपासणी ठीक येते आणि माणूस घरी परततो. तुमच्याही बाबतीत तसंच होईल असं मला वाटतं. पण ते तपासणी बघून ठरवायचं.

आता बीपीचं. सर्दीची गोळी म्हणजे एक औषध नसून तीन-चार औषधांची मोट आहे. पॅरासिटामॉल ताप आणि डोकेदुखीसाठी. फेनिलेफ्रिन नाक मोकळं व्हावं म्हणून. क्लोरफेनिरामिन किंवा सेटिरिझिन वाहतं नाक आणि शिंका थांबाव्यात म्हणून. काहींत वरून कॅफिनही असतं. बीपीचा इशारा मुख्यतः नाक मोकळं करणाऱ्या औषधामुळे असतो. ते रक्तवाहिन्या आकसवतं. नाकातल्या सुजलेल्या अस्तरातल्या वाहिन्या आकसल्या की श्वास मोकळा होतो, पण पोटातून घेतलेलं औषध फक्त नाकापुरतं थांबत नाही.

बीपी वाढेल की नाही, किती वाढेल, हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही. गोळीने बीपी आटोक्यात असलेल्या माणसाला फेनिलेफ्रिनच्या एक-दोन गोळ्यांनी सहसा मोठा फरक पडत नाही. पण ज्याचा बीपी आधीच १६०-१७० राहतो, हृदयाचा त्रास झालेला आहे, थायरॉईड वाढलेलं आहे किंवा काचबिंदू आहे, त्याला मी ही गोळी स्वतःहून देत नाही. गावाकडे अडचण अशी की बीपी आटोक्यात आहे हे गृहीत धरलेलं असतं. गोळी चालू आहे म्हणजे बीपी बरोबर आहे, असा हिशेब. शेवटचा कधी मोजला असं विचारलं की गडी मोघम बोलतो. तुमच्या वडिलांचं काय, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर बऱ्याच अंशी त्यावरच आहे.

बाहेरच्या देशांतली माहिती वाचून बरेच लोक स्यूडोएफेड्रिनबद्दलही विचारतात. ते याच जातीचं, पण जास्त जोरकस औषध. बाहेर आयबुप्रोफेन आणि स्यूडोएफेड्रिन एकत्र असलेल्या सर्दीच्या गोळ्या सर्रास मिळतात. त्यापासून नशेचा पदार्थ बनवता येतो म्हणून आपल्याकडे त्यावर सरकारी नियंत्रण आहे. त्याने बीपी जास्त वाढू शकतो. क्वचित प्रसंगी मेंदूच्या रक्तवाहिन्यांना गंभीर त्रास झाल्याचं आढळल्यावर युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२४च्या सुरुवातीला स्पष्ट केलं की बीपी खूप जास्त किंवा अनियंत्रित असेल, किंवा किडनीचा गंभीर आजार असेल, तर ते घेऊ नये. पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून कुणी पाहुण्याने आणून दिलेली गोळी असेल तर हे नाव शोधा, आणि बीपीवाल्याला ती देऊ नका.

आणि ज्या फेनिलेफ्रिनसाठी आपण ही जोखीम घेतो, त्याचा पोटातून उपयोग किती? अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३मध्ये एकमताने सांगितलं की नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या प्रशासनाने बिनचिठ्ठीच्या औषधांतून ते काढण्याचा प्रस्तावही मांडला. कारण सरळ आहे. आतडी आणि लिव्हर मिळून त्याचा बहुतेक भाग निकामी करतात, नाकापर्यंत पोचतं फार थोडं. मग सर्दीच्या गोळीने बरं वाटतं ते कशाने? पॅरासिटामॉलने डोकं हलकं होतं, क्लोरफेनिरामिनने नाक सुकतं आणि झोप लागते. त्यामुळे बीपीवाल्या माणसाला मोटेतली सगळी औषधं देण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. जी तक्रार आहे तेवढंच औषध द्यावं.

क्लोरफेनिरामिनबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण बीपीच्या नादात याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. तुम्ही लिहिलंय की वडील रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठतात. ६२ वर्षांच्या पुरुषात याचा अर्थ बऱ्याचदा प्रोस्टेटची गाठ वाढलेली असते. क्लोरफेनिरामिन मूत्राशयाचं आकुंचन ढिलं करतं, फेनिलेफ्रिन त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळतं. दोन्ही एकाच गोळीत. गेल्या हिवाळ्यात एक तरुण रात्री दुकान बंद करताना धावत आला, हातात डॉक्टरांची चिठ्ठी, त्यावर कॅथेटर आणि युरोबॅग, म्हणजे लघवीची नळी आणि पिशवी. आजोबांची लघवी दुपारपासून अडकली होती, पोट दगडासारखं झालेलं, माणूस खाटेवर बसूही शकत नव्हता. मी सामान काढता काढता विचारलं, सध्या काय काय चालू आहे? दोन दिवसांपासून सर्दीची गोळी, दिवसातून चारदा. तो तसाच दवाखान्यात गेला आणि डॉक्टरांना हे सांगितलं. नळी घातल्यावर आजोबा मोकळे झाले, पण ती काही दिवस ठेवावी लागली. तेव्हापासून साठीच्या पुढच्या पुरुषाला सर्दीची गोळी देण्याआधी मी लघवीचं विचारतोच. दुकानात बायाबापड्या उभ्या असल्या तर जरा बाजूला घेऊन विचारतो. तुम्हीही वडिलांना विचारा: धार बारीक झाली का, थांबून थांबून येते का, झाल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का.

याच औषधाने गुंगीही येते. सध्या आपल्याकडे हरभरा-गव्हाला पाणी द्यायचे दिवस आहेत आणि लाईट बऱ्याच ठिकाणी रात्रीची. संध्याकाळी गोळी घेऊन माणूस रात्री मोटर चालू करायला विहिरीवर जातो, अंधारात बांधावरून चालतो. मळणीयंत्रावर उभं राहणारे, ट्रॅक्टर चालवणारे, ऊसतोडीच्या गाडीवर जाणारे, यांना मी ही गोळी देतच नाही. द्यावीच लागली तर झोपताना एक, आणि त्या रात्री शेतात जायचं नाही, असं सांगून देतो. म्हाताऱ्या माणसांना याने बरळल्यासारखं होतं, तोल जातो, पडून खुबा मोडतो.

कॉम्बिफ्लामबद्दल दोन गोष्टी. पहिली, त्यातल्या आयबुप्रोफेनमुळे बीपीच्या गोळीचा असर कमी होतो आणि किडनीवर ताण येतो. वडिलांच्या बीपीच्या गोळीच्या नावात टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल असं काही असेल आणि सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर ही जोडगोळी आयबुप्रोफेनसोबत किडनीला चांगलीच महागात पडू शकते. त्यात माणूस तापाने पाणी कमी पीत असेल तर आणखीच. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांनाही हेच लागू. दुसरी गोष्ट डेंग्यूची. पावसाळा संपल्यावर आपल्याकडे त्याचे पेशंट असतात. ताप जोराचा असेल, डोळ्यांच्या मागे दुखत असेल, अंग ठेचल्यासारखं झालं असेल आणि नाक फारसं वाहत नसेल तर ती सर्दी समजू नका. अशा तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी डॉक्टरांनी ॲस्पिरिन चालू ठेवलं असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, विचारा.

तुम्ही लिहिलंय की सर्दीच्या गोळीचं नाव माहीत नाही, कारण कापून दिलेले चार तुकडे आहेत. ही रोजची गोष्ट आहे. दहाच्या स्ट्रिपवर मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत घटक छापलेले असतात. चार गोळ्या कापल्या की घटकांची ओळ एका तुकड्यावर, मुदतीची तारीख दुसऱ्यावर आणि तुमच्या हातात नुसती चांदी. मेडिकलमधून घेताना पाकिटावर नाव आणि मुदत लिहून मागा, किंवा सरळ पूर्ण स्ट्रिप घ्या आणि मोबाईलमध्ये मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. इंग्रजी वाचता येत नसेल तर निदान पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन हे दोन शब्द ओळखायला शिका. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोरीलाही ते जमतं. एकच शब्द दोन स्ट्रिपांवर दिसला की त्यातली एक बाजूला ठेवायची.

कागदाच्या पुडीत मिळणारा सुटा डोस, एक पांढरी, एक पिवळी, एक बारकी गोळी, हा मात्र कुठूनही घेऊ नका. अशा पुड्या घेऊन लोक माझ्याकडे येतात, हीच द्या म्हणतात, कारण एका डोसात गुण आला. बारकी गोळी कधीकधी स्टेरॉईडची निघते. तिने अंगदुखी झटक्यात जाते, पण बीपी आणि साखर दोन्ही वर चढतात, आणि पुडीवर नाव नसल्याने नंतर डॉक्टरलाही काही कळत नाही.

मग चोंदलेल्या नाकाचं करायचं काय? साध्या मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. ते बीपी, प्रोस्टेट, लहान मूल, कुणालाही चालतात आणि दिवसातून कितीही वेळा घालता येतात. मी घरीही तेच वापरतो. नाक मोकळं करणारे ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे थेंब दोन मिनिटांत काम करतात, पण बीपीवाल्याने डॉक्टरांना विचारून, आणि कुणीही तीन ते पाच दिवसांपलीकडे घालू नयेत. पुढे नाकाला त्यांची सवय लागते, थेंब सुटले की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं. शर्टाच्या खिशात कायम ती बाटली घेऊन फिरणारी माणसं मी बघतो. वाफ घ्यायला हरकत नाही, फक्त उकळतं पातेलं लेकरांच्या आसपास ठेवू नका. काढ्यात सुंठ, तुळस, मिरी खुशाल घाला, पण बीपीवाल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध रोज-रोज नको. त्याने अंगात पाणी साचतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतो. घरगुती आहे म्हणून यावर कुणी शंका घेत नाही.

तपासणी ठीक आली आणि डॉक्टर हो म्हणाले, तर वडिलांना नुसती पॅरासिटामॉल ५००ची एक गोळी, लागली तरच, दोन डोसांत किमान सहा तास ठेवून, दिवसातून जास्तीत जास्त चार. गोळी गरम पडते म्हणून वरून दूध प्यायची गरज नाही, पाणी भरपूर पाजा. पॉवर वाढवून सर्दी लवकर जात नाही. साधी सर्दी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असते आणि सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरते. अँटिबायोटिकचंही तेच, विषाणूच्या सर्दीवर त्याचा काही उपयोग नाही. ताप तीन दिवसांपेक्षा जास्त राहिला, दम लागला, छातीत दुखलं, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर परत दवाखाना.

मुलीला पाव तुकडा देऊ नका. मोठ्यांच्या गोळीचे चार सारखे भाग घरी होत नाहीत, आणि झाले तरी त्यात तिला नको असलेली औषधं जातातच. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२५मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेही सूचना दिली: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती सहसा वापरू नयेत. तुमची मुलगी सहाची आहे, तरी मी मिश्रण देणार नाही. ताप असेल तर नुसतं पॅरासिटामॉलचं सिरप, वजनावर. किलोमागे एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. १८ किलोच्या लेकराला १८० ते २७० बसतं. बाटलीवर ५ मिलीत २५० लिहिलंय की १२५, हे आधी बघा, दोन्ही प्रकार मिळतात आणि चमचा तोच धरला की डोस दुप्पट किंवा अर्धा होतो. मोजायला बाटलीसोबतचं मापच घ्या, चहाचा चमचा नको. बाळाच्या ड्रॉप्सची बाटली घरात उरली असेल तर ती सिरपसारखी वापरू नका. त्यात एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असू शकतं.

दवाखान्यातून आलात की वडिलांच्या बीपीच्या गोळीवरचे घटक, आज मोजलेला बीपी आणि रक्ताच्या रिपोर्टमधले एसजीपीटी (लिव्हरसाठी) व क्रिएटिनिन (किडनीसाठी) यांचे आकडे कळवा, म्हणजे अंगदुखीसाठी त्यांना काय चालेल हे जास्त नेमकं सांगता येईल.